पिलांचे पाय आणि ब्रूडरची सफाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडीचे पिलू लंगडायला लागले की लोक पायाचा फोटो पाठवतात. मी उलट ब्रूडरच्या, म्हणजे पिलांना ऊब देऊन वाढवायच्या खोक्याच्या, तळाचा फोटो मागतो, आणि बरेचदा उत्तर तिथेच सापडते. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येणारे आहेत. एकाच गोष्टीचा दोनदा पाढा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पिलू लंगडतंय एवढं दिसतं, पण बिघडलंय कुठे ते कळत नाही. तपासायचं कसं?

लगेच उचलू नका. आधी दोन मिनिटे नुसते बघा. पिलू उभे राहते का, उभे राहताना पाय कुठे टेकवते, इतर पिलांबरोबर खाद्यापर्यंत पोचते का? मग उजेडात हातात घेऊन खालून वर या: तळवा, बोटे, बोटांच्या बेचक्या, नखे, मग घोटा. दोन्ही पाय शेजारी धरून ताडून पाहा. एकटा पाय बघून सूज कळत नाही, जोडीने बघितला की लगेच कळते.

एक खुलासा. पायाच्या मधोमध जो सांधा मागे वाकतो त्याला सगळे गुडघा म्हणतात, पण तो खरे तर घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला असतो. ‘गुडघा सुजलाय’ असे मला लिहून येते तेव्हा बहुतेक वेळा घोटाच सुजलेला असतो.

पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील तर प्रश्न ७ वाचा. बोटे वळली असतील तर ९ आणि १०, घोटा सुजला असेल तर ११, तळव्यावर डाग असेल तर १३. पाय दिसायला ठीक, पण पिलू पिसे फुगवून, मान आत ओढून बसलेले असेल तर दुखणे पायाचे नाही. सरळ १८ कडे जा.

२. ब्रूडरमध्ये खाली काय पसरावं? वर्तमानपत्र चालेल ना?

नुसते वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पिलाचे पाय घसरतात. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पायांना पकड मिळाली नाही तर ते बाजूला फाकायला लागतात. मेणकापड, प्लास्टिक आणि खोक्याचा गुळगुळीत तळ यांचेही तेच.

भाताचे तूस किंवा सुताराच्या रंध्यातून निघणारा जाडसर कीस, दोन ते तीन इंच जाडीचा थर, हे चांगले. या थरालाच गादी म्हणतात. करवतीचा बारीक भुसा टाळा. नवी पिले तो खाद्य समजून खातात आणि त्याची धूळ श्वासात जाते. देवदाराचा उग्र वासाचा कीसही नको. पहिले दोन दिवस तुसावर खरखरीत कापड किंवा टिपकागद अंथरला तर पिले तूस खात नाहीत आणि पायही घसरत नाहीत. मात्र कापडाचे धागे निघत असतील तर ते वापरू नका. सुटा धागा बोटाभोवती गुंडाळतो आणि आवळत जातो. तूस आणताना मूठभर हुंगून पाहा. कुबट वास आला तर त्याला बुरशी आहे. असे तूस वाळवूनही वापरू नये.

३. गादी बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? दर आठवड्याला बदलली तर पुरे का?

वार ठरवून सफाई करणे मला पटत नाही. दहा पिलांचा आणि पन्नास पिलांचा आठवडा सारखा नसतो, दमट हवेतला आणि कोरड्या हवेतलाही नाही. हाताला विचारा. मूठभर तूस घट्ट दाबा आणि सोडा. सगळे भुरभुर सुटले तर ते कोरडे आहे, धूळ जास्त असेल. किंचित चिकटून लगेच मोडले तर अगदी बरोबर. लाडू वळला आणि तसाच राहिला तर ते ओले आहे. शेकड्यात २० ते २५ भाग ओलावा चालतो; ३० च्या पुढे गेला की तळवे बिघडायला लागतात.

रोज एकदा गादी खाली-वर करायची. जिथे पापुद्रा धरला असेल तेवढा भाग उचलून फेकायचा आणि तिथे कोरडे तूस घालायचे. ओले खाली ढकलून वर कोरडे पसरणे म्हणजे फरशीखाली कचरा लोटणे. संध्याकाळी वर सगळे छान दिसते आणि सकाळी तोच ओलावा वर आलेला असतो.

गादी वारंवार ओली होत असेल तर आधी जागा मोजा. पहिले दोन-तीन आठवडे पिलामागे निदान अर्धा चौरस फूट आणि पुढे एक चौरस फूट लागतो. दाटीवाटीत कितीही तूस घातले तरी ते पुरत नाही.

४. पाण्याच्या भांड्याभोवती कायम चिखल होतो. काय करू?

भांडे गादीवरून उचला. खाली वीट किंवा फरशीचा तुकडा ठेवा. त्याहून चांगले म्हणजे लाकडी चौकटीवर बारीक जाळी ठोकून त्यावर भांडे ठेवायचे, म्हणजे सांडलेले पाणी खाली गळते आणि पिलांचे पाय कोरडे राहतात. जाळीची भोके इतकी बारीक हवीत की पंजा अडकणार नाही. भांड्याचा काठ पिलाच्या पाठीच्या उंचीला असावा आणि पिले वाढतील तसा वर न्यावा. उघडी ताटली कधीच नको. पिले तिच्यात उभी राहतात, घाण करतात, आणि अगदी लहान पिलू त्यात बुडूनही मरते. ताटलीच वापरायची असेल तर तिच्यात गोटे भरा, फटींमधून पिण्यापुरते पाणी मिळते.

भांडे दिव्याच्या अगदी खाली ठेवू नका, पाणी कोमट होऊन पिले पीत नाहीत. फार लांबच्या थंड कोपऱ्यातही नको. मधल्या उबेत ठेवा.

५. मला तरी कसला वास येत नाही. म्हणजे ब्रूडर स्वच्छ आहे ना?

तुमच्या नाकावर विसंबू नका, ते सरावलेले असते. विष्ठेतल्या युरिक आम्लावर ओलाव्यात जिवाणू काम करतात आणि अमोनिया तयार होतो. माणसाला तो साधारण दशलक्षात २० ते २५ भाग झाला की जाणवतो आणि पिलांसाठी धोक्याची रेषाही तिथेच आहे. शिवाय तुमचे नाक पाच फुटांवर, पिलाचे गादीपासून चार बोटांवर. सकाळी बाहेरून आल्या आल्या, कशालाही हात लावण्याआधी, खाली वाका आणि पिलाच्या उंचीवर श्वास घ्या. नाकाला झोंबले किंवा डोळे चुरचुरले तर उशीर झालाच आहे. अमोनियाने पिलांचे डोळे सुजतात, श्वासनलिकेतली राखण करणारी बारीक लव निकामी होते आणि ओल्या गादीतला अमोनिया तळवेही जाळतो.

थंडीत ऊब राखण्यासाठी लोक ब्रूडर चहूबाजूंनी झाकतात. ऊब राहते, पण दमट हवाही आतच कोंडते. खालच्या बाजूने वारा पिलांवर येऊ देऊ नका, वरून मात्र हवा बाहेर जाऊ द्या.

६. पंजाला घाणीचा गोळा चिकटून दगडासारखा झालाय. ओढून काढू का?

ओढू नका. गोळ्याच्या आत नख असते, कधी बोटाची कातडीही. ओढलात तर तेही निघते आणि रक्त थांबवत बसावे लागते.

वाटीत कोमट पाणी घ्या. मनगटाला सुखद लागेल इतकेच, गरम नको. फक्त पाय बुडतील एवढे पाणी असावे. पिलू तळहातात धरून दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवा, पाणी गार झाले की बदला. गोळा आपोआप पिठासारखा होतो, तो बोटांनी कडेकडेने कुसकरत काढा. आत नख कुठे आहे ते चाचपत जा. एका बैठकीत सगळे निघाले नाही तर राहू द्या, संध्याकाळी पुन्हा करा. पिलू पूर्ण कोरडे करूनच उबेत सोडा. ओले पिलू गारठून मरते, आणि पाय वाचवण्याच्या नादात पिलू घालवलेले मी पाहिले आहे.

गोळा काढल्यावर बोट निळे-काळे आणि थंड दिसले तर रक्त बरेच दिवस अडलेले आहे. असे बोट काही दिवसांनी वाळून गळून पडते. पिलू एका बोटाविना नीट जगते, पण जखमेवर लक्ष ठेवा. गोळा नसताना बोट सुजले असेल तर भिंगातून बघा. केस किंवा धागा आवळलेला असतो आणि तो सुजेत रुतल्यामुळे दिसत नाही. टोकदार, बारीक कात्रीने कापा.

पायांवर पिसे असलेल्या ब्रह्मा, कोचीन, सिल्की अशा जातींत हा त्रास जास्त होतो. त्यांचे पाय रोज तपासा.

७. कालच फुटलेलं पिलू, दोन्ही पाय बाजूला पसरतात, उभंच राहता येत नाही. वाचेल का?

बहुधा वाचेल, फक्त आज कामाला लागा. पहिल्या दोन-तीन दिवसांत हाडे आणि सांधे इतके कोवळे असतात की पाय जसे ठेवाल तसे वळण घेतात. आठवडा उलटला की तीच गोष्ट अवघड होते.

स्वतःलाच चिकटणारी बँडेजची पट्टी घ्या आणि बोटाच्या पेरापेक्षा कमी रुंद कापा. घोटा आणि पंजा यांच्या मधल्या भागात एका पायाभोवती सैल गुंडाळा, मध्ये अंतर सोडा, मग दुसऱ्या पायाभोवती. आकार इंग्रजी आठासारखा होतो. दोन पायांतले अंतर दोन-अडीच सेंटीमीटर, म्हणजे पाय बरोबर अंगाखाली येतील इतके. पाय जुळवून बांधले तर पिलू तोंडावर आपटते, फार लांब बांधले तर उपयोग नाही. पट्टीखाली काडीपेटीची काडी सरकली पाहिजे. पंजा थंड किंवा गडद वाटला तर लगेच सोडा.

पहिल्या तासाभरात पिलू धडपडते, उलटे पडते. नजर ठेवा. पाणी आणि खाद्य चोचीजवळ न्या. पट्टी रोज बघा. पिलू झपाट्याने वाढते, काल सैल असलेली पट्टी आज आवळते. दोन-तीन दिवसांनी सोडून चालवून पाहा. आणि खालचा पृष्ठभाग बदलल्याशिवाय हे सगळे व्यर्थ आहे (प्रश्न २).

८. पट्टी बांधून चार-पाच दिवस झाले, काहीच फरक नाही. आता?

मग कारण घसरगुंडीचे नसावे. पिलू हलक्या हाताने उभे धरून पाहा. दोन्ही पायांत जोर आहे पण ते बाजूला जातात, तर आणखी दोन-तीन दिवस पट्टी चालू ठेवा. एकच पाय मांडीपासून बाहेर जातो आणि हलवताना पिलू ओरडते, तर सांधा निखळला असेल किंवा हाड मोडले असेल. तिथे पट्टीने भले होत नाही, पशुवैद्यकाला दाखवा. पायांत जोरच नाही, पिलू घोट्यांवर बसते आणि बोटे आत वळतात, तर तुम्ही चुकीच्या प्रश्नावर आहात. पुढचा वाचा.

एकाच खेपेची अनेक पिले फाकल्या पायांनी जन्मली असतील तर उबवणी यंत्राकडे वळा. जास्त तापमान किंवा यंत्रातली गुळगुळीत ट्रे, दोन्हींनी असे होते. ट्रेवर जाळीदार रबरी चटई टाका.

९. पिलू चांगलं खातंय, पण घोट्यांवर बसून सरकतं आणि बोटं मुठीसारखी आत वळलेली आहेत.

हे जीवनसत्त्व बी-२, म्हणजे रायबोफ्लेविनच्या कमतरतेचे ठरलेले रूप. पायाच्या मोठ्या मज्जातंतूला सूज येते आणि बोटे आत ओढली जातात. बहुतेकदा दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसते. भूक शाबूत असते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण चालता न आल्याने पिलू खाद्यापर्यंत पोचत नाही आणि शेवटी उपासमारीने जाते.

धान्यात बी-२ कमी असते. केवळ भरडलेल्या धान्यावर पिले वाढवणाऱ्यांकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. पिलांसाठीचे स्टार्टर खाद्य सुरू करा, सोबत कुक्कुटपालनासाठीचे बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून वेष्टनावरच्या मात्रेत द्या. बसलेल्या पिलाच्या चोचीला थेंब लावून पाजा. लवकर सुरू केले तर काही दिवसांत बोटे उघडायला लागतात. आठवडे गेले असतील तर मज्जातंतूचे नुकसान कायमचे असते. रायबोफ्लेविन उजेडात नासते, म्हणून औषधाचे पाणी रोज ताजे करा आणि भांडे उन्हात ठेवू नका.

रक्ती हगवणीचे औषध चालू असेल तर बी-कॉम्प्लेक्स देण्याआधी प्रश्न १९ वाचाच.

१०. एकच बोट आडवं वळलंय, बाकी पिलू टुणटुणीत आहे. हेही जीवनसत्त्वाचंच का?

सहसा नाही. मूठ वळणे वेगळे आणि बोट आडवे वाकणे वेगळे. आडवे बोट अंड्यातल्या अवघडलेल्या बसणीने, उबवणीतल्या तापमानाच्या चढ-उताराने, तारेच्या जाळीवर ठेवल्याने किंवा वंशानेही येते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ‘बूट’ घालून सरळ होते. जाड कागदाचा पंजाएवढा तुकडा कापा, त्यावर तीन बोटे पुढे आणि एक मागे अशी नीट मांडा, वरून आणि खालून चिकटपट्टी लावून दाबा. दोन दिवसांनी काढा. जमले तर जमले. नाही जमले तरी वाकड्या बोटाची कोंबडी आयुष्यभर चालते, खाते, अंडी घालते. फार जिवाला लावून घेऊ नका.

११. घोटा सुजलाय आणि पाय गुडघ्यातून पिळल्यासारखा बाहेर गेलाय.

(घोट्यातून. प्रश्न १.) घोट्याच्या मागच्या बाजूला एका खाचेत जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) बसलेली असते. ती खाचेतून घसरली की पाय सरळ होत नाही. बोटाने चाचपा. चांगल्या पायात घोट्यामागे दोरीसारखी शीर लागते, बिघडलेल्या पायात तो भाग सपाट लागतो आणि शीर बाजूला सापडते. खाद्यात मँगनीज, कोलीन किंवा बायोटिन कमी पडले की हाडाची घडण बिघडते आणि असे होते. धडपडीत, दारात पाय अडकूनही होते.

त्याच दिवशी लक्षात आले तर पशुवैद्यक किंवा हात बसलेला माणूस पाय मागे ताणून शीर पुन्हा खाचेत बसवतो आणि बांधतो. दिवस गेले की खाच उथळ होते आणि शीर पुन्हा पुन्हा निसटते. मँगनीज घातल्याने घसरलेली शीर परत जात नाही, उरलेल्या पिलांचे मात्र रक्षण होते. यात वेदना खूप असतात. बसत नसेल तर पिलाला महिनोन्‌महिने फरफटत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

१२. पाय रबरासारखे वाकतात, चोचही मऊ लागते.

मुडदूस. डी-३ जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस यांपैकी काहीतरी कमी किंवा त्यांचा तोल चुकलेला. दोन-तीन आठवड्यांच्या, ऊन न मिळालेल्या आणि जुने खाद्य खाणाऱ्या पिलांत दिसते. खाद्य बदला, पाण्यातून डी-३ द्या, कोवळ्या उन्हात सावलीची सोय ठेवून सोडा. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य ‘कॅल्शियम जास्त म्हणून’ पिलांना देऊ नका. तेवढे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

१३. तळव्यावर काळी खपली धरली आहे. कापून पू काढतात तेच का हे?

लहान पिलांत बहुधा नाही. ओल्या, चिकट गादीवर सतत उभे राहून तळव्याची कातडी आधी काळपट होते, मग खपली धरते आणि शेवटी व्रण होतो. दोन्ही पायांना आणि बऱ्याच पिलांना एकदम होते, ही त्याची खूण. कापून काढतात ती गाठ वेगळी. ती वजनदार, मोठ्या पक्ष्यांत उंचावरून उडी मारून किंवा काटा लागून जंतू आत गेल्यावर होते आणि सहसा एकाच पायाला असते.

पिलाची खपली खरवडू नका. कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावा. बधिर करणारे औषध मिसळलेली मलमे पक्ष्यांना लावू नयेत. गादी कोरडी झाली की सुरुवातीचे डाग आपोआप भरतात. गादी कोरडी असूनही डाग वाढत असतील तर बायोटिनची कमतरता किंवा पातळ विष्ठा करणारे काही खाद्यात आहे का ते शोधा. जास्त मीठ हे एक नेहमीचे कारण: पिले पाणी जास्त पितात आणि गादी ओली करतात.

१४. पाय थंड लागतात. काही पिलांचे घोटे लाल आहेत, काहींचे पाय सुकलेल्या काडीसारखे दिसतात.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पिलाचा पंजा स्वतःच्या गालाला लावा. गार लागला तर गादी गार आहे, वर दिवा कितीही तापो. म्हणून पिले यायच्या आदल्या दिवसापासून ब्रूडर चालू करून तूस तापवून ठेवतात. पहिल्या आठवड्यात पिलाच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तापमापीपेक्षा पिलांची बसण्याची तऱ्हा खरी: दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळून चोच उघडली तर उकाडा, सगळीकडे विखुरली तर ठीक.

नुकत्याच फुटलेल्या पिलाचे घोटे लाल असतील तर कवच फोडताना झालेली घासाघीस असते, विशेषतः यंत्रात दमटपणा जास्त असताना. काही दिवसांत जाते. आठवड्यांनंतर लाल झाले तर ओली गादी (३ आणि ५). पाय सुरकुतलेले, पातळ दिसत असतील तर पिलू पाण्यावाचून आहे. चोच हलकेच पाण्यात बुडवून प्यायला शिकवा.

१५. पिलं एकमेकांची बोटं टोचून रक्त काढतात.

पहिल्या आठवड्यात चमकणारे गुलाबी बोट त्यांना किड्यासारखे वाटते. खाद्याची भांडी वाढवा, प्रखर पांढरा दिवा मंद किंवा लाल करा, जागा वाढवा. रक्त दिसलेले पिलू लगेच बाजूला घ्या, कारण एकाचे रक्त दिसले की सगळी तुटून पडतात.

१६. शेपटीखाली घाण चिकटून भोक बुजलंय. ब्रूडर घाण असल्यामुळे का?

थेट नाही. प्रवासाचा ताण, थंडी किंवा फार उकाडा हे खरे कारण. पण भोक बुजले तर पिलू दोन दिवसांत मरते, म्हणून कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मऊ करून पुसा, ओढू नका, कोरडे करा, तापमान तपासा. आणि नीट बघा: शेपटीलगतचे ते गुदद्वार; पोटावर त्याच्या पुढे वाळलेली काडी किंवा खपली असते ती नाळ. नाळ उपटली तर आतडे बाहेर येऊ शकते. नाळ ओली, सुजलेली आणि घाण वासाची असेल तर तो बेंबीचा जंतुसंसर्ग आहे. तो अस्वच्छ उबवणी यंत्रातून येतो आणि त्यातली बरीच पिले दगावतात.

१७. रोज जंतुनाशक फवारू का? आणि गादीत चुना?

पिले आत असताना फवारणी नको. गादी ओली होते, पिलांच्या श्वासात वाफ जाते आणि विष्ठेत मिसळल्यावर ब्लीचसारखे औषध तसेही निकामी होते. अमोनियाचा वास असलेल्या गादीवर ब्लीच ओतले तर विषारी वायू निघतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र केले तरी तेच.

चुन्याबद्दल मत थोडे कडक आहे. तो ओल शोषतो हे खरे, पण गादीचा आम्लपणा कमी करून अडकलेला अमोनिया मोकळाही करतो, आणि कळीचा चुना तर कोवळे तळवे पोळतो. पिलांखाली चुना नको. ओले तूस काढून टाकणे हाच उपाय.

खरी धुलाई दोन खेपांच्या मध्ये करायची, आणि क्रम महत्त्वाचा: सगळे तूस बाहेर, खरवडणे, साबणाच्या पाण्याने घासणे, धुणे, वाळवणे, मग जंतुनाशक, पुन्हा वाळवणे. नंतर शक्य तर दोन आठवडे रिकामे, उन्हात. घाण न काढता मारलेले औषध म्हणजे घाणीला घातलेली आंघोळ.

१८. विष्ठेत रक्त दिसतं आणि पिलं फुगून बसतात. याचा गादीशी संबंध आहे का?

अगदी थेट. ही रक्ती हगवण. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीने होते, बहुधा तीन ते सहा आठवड्यांच्या वयात. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची बीजे लगेच रोग देत नाहीत. ऊब, ओलावा आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात आणि मग पोटात गेली की आजार होतो. ओला भाग रोज उचलण्याचे महत्त्व यातच आहे. ती पिकायच्या आत तुम्ही ती बाहेर टाकता. नेहमीच्या जंतुनाशकांना, ब्लीचलाही, ही बीजे दाद देत नाहीत. कोरडेपणा आणि उष्णता मात्र त्यांना मारते.

रक्त दिसले तर वाट बघू नका. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध त्याच दिवशी सुरू करा, सगळ्या पिलांना पाण्यातून. आजारी पिलू खात नाही, पाणी मात्र पिते. थोडीशी बीजे रोज पोटात जाऊन पिलांची प्रतिकारशक्ती तयार होते, त्यामुळे ब्रूडर शस्त्रक्रियेच्या खोलीसारखा करायची गरज नाही.

१९. खाद्यात अँप्रोलियम (रक्ती हगवणीचे औषध) आहे आणि पिलाची बोटं वळलीत. बी-कॉम्प्लेक्स देऊ की नको?

इथेच बरेच जण फसतात. अँप्रोलियमची घडण बी-१, म्हणजे थायमिनसारखी आहे. परजीवी त्याला थायमिन समजून घेतो आणि उपाशी मरतो. पाण्यातून भरपूर बी-१ दिले की औषधाचा जोर उतरतो. बोटांसाठी हवे आहे बी-२, त्याचे अँप्रोलियमशी भांडण नाही. म्हणून केवळ रायबोफ्लेविन मिळाले तर ते द्या. बी-कॉम्प्लेक्सच मिळत असेल तर आधी पशुवैद्यकाला विचारा. रक्ती हगवण उसळलेली असेल तर अँप्रोलियम आधी पूर्ण होऊ द्या.

२०. एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलंय. मरेक आहे का?

वय सांगा. चार दिवसांचे पिलू असेल तर नाही, ते फाकलेल्या पायांचे किंवा मार लागल्याचे आहे. मरेक हा विषाणूचा रोग असून लक्षणे दिसायला आठवडे लागतात. बहुधा दीड महिन्यानंतर आणि तलंगांच्या (अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्यांच्या) वयात दिसतो. पिसांच्या कोंड्यातून, धुळीतून पसरतो. उपचार नाही, लस पहिल्याच दिवशी द्यायची असते. आधीच लागण झालेल्या मोठ्या पक्ष्याला ती देऊन उपयोग नाही.

२१. पिलाला पाच बोटं आहेत. व्यंग आहे का?

सिल्की, डॉर्किंग, फावरोल, हूदां, सुल्तान या जातींना पाचच बोटे असतात. पाचवे मागच्या बोटावरून वर निघते आणि जमिनीला टेकत नाही. काळसर पायांबद्दलही असेच विचारतात. सिल्की, कडकनाथ, आयाम सेमानी यांचे पाय जन्मतः काळे. जिथे बोट काळे आणि शेजारचे गुलाबी, तिथे काळजी करायची (प्रश्न ६).

२२. बदकाची पिलं सोबत वाढवतोय, त्यांचेच पाय वाकडे होतात.

बदकाच्या पिलाला नियासिन (जीवनसत्त्व बी-३) कोंबडीच्या पिलापेक्षा जवळपास दुप्पट लागते. कोंबडीच्या स्टार्टरवर ते कमी पडते, पाय कमानीसारखे होतात आणि घोटे सुजतात. नियासिनची पूर्ती करा आणि शक्यतो वेगळी ठेवा. बदके तासाभरात सगळा ब्रूडर भिजवतात, आणि त्याची शिक्षा शेजारच्या पिलांच्या तळव्यांना होते.

२३. खुडूक कोंबडीखाली पिलं आहेत. हे सगळं लागू पडतं का?

निम्मे. ऊब आणि बसण्याची जागा ती बघते, रोज कोरड्या जागी नेते. पण रात्रीच्या जागेतले तूस तुम्हालाच बदलायचे आहे, आणि आईच्या खाद्यात बी-२ कमी असेल तर पिले अंड्यातूनच कमतरता घेऊन येतात.

२४. लंगडं पिलू वेगळं काढू का? एकटं पडलं की सारखं ओरडतं.

बाकीची तुडवत नसतील, टोचत नसतील तर काढू नका. काढावेच लागले तर त्याच ब्रूडरमध्ये जाळीची आडभिंत घाला. इतरांना बघता आले की ते शांत राहते, खाते. शांत स्वभावाचे एखादे पिलू सोबतीला दिले तर आणखी बरे.

२५. घरातली लहान मुलं पिलांशी खेळतात. धोका?

निरोगी दिसणाऱ्या पिलाच्या विष्ठेतही साल्मोनेला (माणसाचे पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पिलाला तोंडाजवळ न्यायचे नाही, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती द्यायचेच नाही. आणि पाण्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुणे बंद.

२६. पट्टी बांधून पिलू पूर्ण बरं झालं. पुढे पैदाशीला ठेवू का?

घसरड्या तळामुळे पाय फाकले होते आणि आता चाल सरळ आहे, तर खुशाल ठेवा. दोष कागदाचा होता, रक्ताचा नव्हता. बी-२ कमी पडून बोटे वळली होती तर आधी आई-बापांच्या खाद्याची खातरजमा करा. वाकडी बोटे एकाच जोडीच्या पिलांत खेपेमागून खेप येत असतील आणि उबवणी यंत्र बदलूनही येत राहिली, तर ती जोडी पैदाशीतून काढा. त्या पिलांना अंड्यांसाठी ठेवायला काहीच हरकत नाही.